आकडे हरवलेली गवतं

१

सोमवारी सकाळी तुळजानं हर्बेरियममधलं, म्हणजे सुकवलेल्या वनस्पती ठेवायच्या खोलीतलं, कपाट उघडलं, तेव्हा आपल्याकडं चोरी झालीय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. कुलूप जागेवर होतं. गवतांचा गठ्ठा दोन लाकडी फळ्यांमध्ये पट्ट्यानं आवळलेला, ती ठेवून गेली होती तसाच होता. तिनं पट्टा सोडला, वरची घडी उलगडली. आत कुसळी गवताचा झुपका होता, मुळांसकट, तुऱ्यांसकट. पण त्याच्याखाली कानडी पेपर होता, आणि त्यावर गेल्या महिन्यातल्या क्रिकेटच्या सामन्याचा फोटो.

तिनं दुसरी घडी उलगडली. तिसरी, चौथी. मग मांडी घालून ती शहाबादी फरशीवर बसली आणि एकेक करत बेचाळीसच्या बेचाळीस घड्या तिनं पाहिल्या. गवत प्रत्येकीत होतं. कागद मात्र एकही तिचा नव्हता.

तुळजा औरादच्या पलीकडच्या एका वाडीतली, धनगराची मुलगी. तिचा बाप मायाप्पा चार वर्षांपूर्वीपर्यंत मेंढरं राखायचा. आता दोन एकर तूर आणि उरलेले दिवस मजुरी. कुठलं गवत मेंढरू आवडीनं खातं, कुठल्यानं त्याचं पोट फुगतं, हे मायाप्पाला जितकं ठाऊक होतं तितकं गुलबर्ग्याच्या विद्यापीठात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर बीदर जिल्ह्यातल्या माळावरची गवतं आणि मेंढपाळांना असलेली त्यांची माहिती, हा विषय तिनं पीएच.डी.ला घेतला होता. गेल्या पावसाळ्यात बापलेक कमलनगरपासून औरादपर्यंतचे माळ तुडवत हिंडले होते. मिळालेलं प्रत्येक गवत तिनं जुन्या मराठी पेपरात दाबलं, समासात शिसपेन्सिलीनं नंबर घातला, आणि तोच नंबर वहीत लिहून पुढं गाव, माती, तारीख, मेंढपाळाचं म्हणणं टिपलं.

ते पेपर होते म्हणून नंबर होते. आता वही होती, गवतं होती, पण कुठलं गवत वहीतलं कुठलं, हे सांगणारं मधलं काही उरलं नव्हतं. डिसेंबरात गावी जाण्याआधी तिनं सारखी सारखी दिसणारी गवतं एकत्र लावली होती, त्यामुळं मूळचा क्रमही नव्हता. दहा-बारा तिला नुसती बघून ओळखता आली असती. बाकी तीस? एकच पवन्या गवत तिनं पाच गावांतून आणलं होतं, आणि पाच गावांत त्याच्याबद्दल पाच वेगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या. गावाचं नाव गेलं की ती सगळी नुसती वैरण.

तिचे मार्गदर्शक नरहरराव सर आले. त्यांनी चष्मा पुसून सगळा गठ्ठा पाहिला. प्रत्येक रोपाच्या देठाला दोऱ्यानं चिठ्ठी बांध, असं त्यांनी जूनपासून किमान सहा वेळा सांगितलं होतं. ते त्यांनी आता सातव्यांदा सांगितलं नाही, आणि त्याचंच तुळजाला जास्त लागलं. येत्या सोमवारी, दहा जानेवारीला, समिती तिचं काम बघायला येणार होती. नमुन्यांना ठावठिकाणा नाही म्हटल्यावर समिती एकच गोष्ट सांगणार: आणखी एक पावसाळा हिंडा. आणि तिची शिष्यवृत्ती तर मार्चात संपत होती.

२

तुळजाची खोलीतली सोबतीण विभा बीदरच्या शिक्षकांच्या घरातली. कायद्याचं शिकत होती आणि प्रत्येक गोष्टीकडं खटला म्हणून बघायची. मेसमध्ये भाकरी मोडता मोडता तिनं दोन नावं पुढं ठेवली.

पहिलं कल्लप्पाचं. हर्बेरियमची किल्ली विभागातल्या या शिपायाकडं असायची. तुळजा त्याला विचारायला गेली तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला की दत्तजयंतीला तो गाणगापूरला गेला होता, एकवीस तारखेपासून चोवीसपर्यंत. संगमावर अंघोळ केली, पालखी बघितली, आणि तिच्यासाठीसुद्धा अंगारा आणला, तो टेबलाच्या खणात आहे. किल्ली नेहमीसारखी ऑफिसच्या दारामागच्या खिळ्याला होती. खिळा कुणाला माहीत नव्हता? सगळ्यांनाच होता. त्यानं खण उघडून अंगाऱ्याची पुडी तिच्या हातावर ठेवली, तेव्हा आपण विचारलंच का असं तुळजाला झालं.

दुसरं नाव संकर्षणचं. तो इतिहासात संशोधन करत होता. बीदर-गुलबर्ग्याकडून हैदराबादला, पुण्याला पोट भरायला गेलेल्या माणसांचा विषय होता त्याचा. कामात पक्का, पण जिभेला हाड नाही. हॉस्टेलच्या वार्षिक जेवणात सगळ्यांदेखत तो म्हणाला होता की गवत ओळखायला पीएच.डी. कशाला हवी, मेंढरं ते फुकटात करतात. पंगत हसली. तुळजाही हसली होती, पण त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"सुट्टीत मी इथंच होते ना," विभा म्हणाली. "तेवीस तारखेला दुपारी मी तुमच्या इमारतीवरून गेले. संकर्षण हर्बेरियमच्या दाराशी उभा होता. मला बघून तो घाईघाईनं निघून गेला. इतिहासवाल्याचं गवताच्या खोलीपाशी काय काम?"

३

संध्याकाळी तुळजानं एसटीडी बूथवरून वाडीतल्या किराणा दुकानात फोन लावला. बापाला बोलावून आणेपर्यंत ती काचेच्या खोलीत मीटरवरचे आकडे पळताना बघत उभी राहिली. सगळं शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण बापाचा आवाज ऐकला आणि तिला रडूच आलं.

"रडायलीस कामून?" मायाप्पा म्हणाला. "कुलूप मोडलंय का?"

"न्हाई अप्पा."

"गवत मोडलंय का?"

"एक काडीबी न्हाई."



"मंग चोर कोन, ते मागनं बघू. रात्री कळपात कोन शिरलं ते कसं वळखायचं? सकाळी काय कमी झालंय त्यावरनं. लांडगा असला तर कोकरू जातंय. मानूस असला तर चांगलं मेंढरू जातंय. तुजं काय गेलंय ते आदी बघ."

फोन ठेवून ती हॉस्टेलकडं चालत निघाली. दोन्ही बाजूंना ज्वारी कंबरेच्या वर आली होती. आपलं काय गेलंय? ती म्हणत होती नंबर गेले. सर म्हणत होते वर्ष जाणार. विभा म्हणत होती कुणीतरी डाव साधला. पण नंबरच घालवायचे असते तर चोरानं गठ्ठा जाळला असता, नाहीतर सरळ पिशवीत कोंबून नेला असता. पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी कुणीतरी तासन् तास बसून बेचाळीस सुकी गवतं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर ठेवली होती. कुसळीचे तुरे नुसत्या फुंकरीनं तुटतात. तेसुद्धा शाबूत होते. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला तिच्या गवताचं वाईट करायचं नव्हतं. उलट गवत सांभाळायचं होतं.

गवत नाही गेलं, नंबर मुद्दाम नाही गेले. गेले ते फक्त कागद. मग त्याला कागदच हवे असतील.

दुसऱ्या दिवशी ती गवतांकडं न बघता नव्या कागदांकडं बघायला बसली. कानडी आणि इंग्रजी पेपर, सगळे डिसेंबरातले. शब्दकोडी वेगवेगळ्या शाईंनी अर्धवट सोडवलेली. आणि प्रत्येक पेपरच्या मधल्या घडीपाशी वरपासून खालपर्यंत एक चपटा, खोल वळ. तिनं त्यावरून बोट फिरवलं. हॉस्टेलच्या वाचनखोलीत पेपर टेबलावर सुटे पडलेले असतात. चहाच्या टपरीवरचे तेलकट असतात. लाकडी काठीच्या चिमटीत धरलेले पेपर साऱ्या विद्यापीठात एकाच ठिकाणी होते, मोठ्या ग्रंथालयात.

आणि तिचे जुने मराठी पेपरही तिथलेच होते. सात-आठ महिन्यांपूर्वी तिथं पुस्तकबांधणी करणाऱ्या सिद्धराम अण्णांनी माळ्यावरची रद्दी म्हणून ते दिले होते, आणि जुना कागद ओल चांगली ओढतो, असंही सांगितलं होतं.

पण ज्यानं आपल्या हातानं रद्दी दिली, तो ती परत कशाला नेईल?

४

गुरुवारी येळवस होती. दर्शवेळा अमावस्येला या भागात घरात कुणी जेवत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पांडवांचे पाच दगड मांडून पूजा करतात आणि तिथंच पंगत बसते. नरहरराव सरांच्या पत्नी सुशीलाबाई दर वर्षी संशोधन करणाऱ्या मुलामुलींना विद्यापीठामागच्या आपल्या शेतात बोलवायच्या. सुशीलाबाईंच्या शेतात येळवसेला गेलं नाही तर पदवी मिळत नाही, असं मुलं गमतीनं म्हणत. तुळजाला जावंसं वाटत नव्हतं. विभानं तिला ओढून नेलं.

भाज्या-कडधान्यं एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं गार आंबील. जेवणं झाल्यावर संकर्षण बोरीखाली एकटाच बसला होता. तुळजा त्याच्यासमोर जाऊन बसली आणि तेवीस तारखेला हर्बेरियमपाशी काय करत होतास, असं सरळ विचारलं.

तो आधी लाल झाला. मग त्यानं सांगितलं की तो माफी मागायला आला होता. त्या जेवणातलं बोलणं त्याच्या मनाला खात होतं. कुणी नसताना भेटावं म्हणून त्यानं सुट्टीतली दुपार निवडली. ती गावी गेलीय हे त्याला माहीत नव्हतं.

"माझे आजोबा गावोगाव पोथी सांगत फिरायचे," तो म्हणाला. "त्यांना कुणी असं बोललं असतं तर मी भांडलो असतो. तुझ्या वडलांबद्दल मी बोलायला नको होतं."

तुळजा जरा वेळ मातीत काडीनं रेघा ओढत राहिली. मग तिनं विचारलं की दार बंद होतं का.

"आतून कडी होती. मी ठोठावलं. आत कागदाची सळसळ चालली होती ती थांबली. कुणीतरी खोकलं, म्हाताऱ्या माणसासारखं. पण दार उघडलं नाही. मला वाटलं तू आत आहेस आणि मुद्दाम दार उघडू देत नाहीस. म्हणून मी निघालो."

कल्लप्पा तिशीचाही नव्हता, आणि त्या दुपारी तो गाणगापुरात होता. खोकणारा दुसराच कुणी होता. तुळजा आपले पेपर कसे गेले ते सांगायला लागली, तसा संकर्षण मध्येच म्हणाला की पेपरांच्या बाबतीत त्याचंही नशीब तसंच आहे. त्याला सोलापूरच्या मराठी दैनिकाचे ब्याण्णव सालचे अंक हवे होते. त्या वर्षी दुष्काळी कामं बंद पडल्यावर माणसं कुठं कुठं गेली त्याच्या बातम्या त्यात होत्या. ग्रंथालयात ऑगस्ट ते ऑक्टोबरचे अंकच नव्हते. डिसेंबरात त्यानं रीतसर तक्रार केली. मुख्य ग्रंथपालांनी चौकशी लावली, आणि मग नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी निरोप आला की अंक सापडले, बांधायला दिलेले होते.

तुळजाच्या हातातली काडी थांबली. ब्याण्णवचा ऑगस्ट. तिच्या पहिल्या नमुन्याखालचा अंक स्वातंत्र्यदिनाचा होता. तिरंग्याखाली ब्याण्णव हा आकडा तिला स्पष्ट आठवत होता, कारण त्या वर्षी ती बारावीत होती आणि झेंडावंदनाला तिनं भाषण केलं होतं.

५

त्याच संध्याकाळी तुळजानं ग्रंथालय गाठलं. तळमजल्यावर बांधणीची खोली होती. खळीचा आंबूस वास, दोरा, सुया, दाबयंत्र. सिद्धराम अण्णा आळंदकडचे, घरात कानडी बोलणारे, पण मराठीही तितक्याच सहज. बत्तीस वर्षं त्यांनी फाटकी पुस्तकं जोडली होती. येत्या मार्चात ते निवृत्त होणार होते. तुळजा दारात दिसताच त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

तिनं आवाज चढवला नाही. स्टुलावर बसून तिनं एकेक गोष्ट मांडली. कागद बदलणाऱ्याला गवताशी वैर नव्हतं, कागदाशी काम होतं. नवे कागद काठीतले होते, म्हणजे या इमारतीतले. कुसळीचा तुरा न मोडता उचलायला असे हात लागतात ज्यांना जीर्ण कागदाची सवय आहे. आत खोकणारा माणूस वयस्कर होता. आणि संकर्षणच्या तक्रारीनंतर ते अंक हुडकायची गरज एकाच माणसाला होती, कारण ते कुठं गेले हे त्या एकालाच माहीत होतं.

अण्णांना खोकला आला आणि तो दाबायला त्यांनी तोंडावर पंचा धरला.

"मीच बदललो, अव्वा," ते म्हणाले. "रद्दीचा गठ्ठा आनि फायलीचा गठ्ठा माळ्यावर शेजारी होते. तुला देताना माझी चूक झाली. साहेब चौकशी लावले तवा मला कळलं. बत्तीस वर्सांत एक पान हारवलो न्हाई मी. जाताना कपाळावर हेच लिहून जायचं का, म्हनून भ्यालो."

"मला सांगायचं होतं अण्णा. मी दिले असते."

"तू गावी गेल्तीस. आनि तू यायच्या आदीच साहेब तपासायला येनार होते. मी म्हनलो, गवताला कागद पायजे, दुसरा दिला तर काय बिघडतंय. नीट ठेवलो बग मी, एकबी काडी मोडलो न्हाई."

मग तुळजानं त्यांना समासातल्या आकड्यांचं सांगितलं. ते ऐकताना म्हाताऱ्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं. ते आकडे त्यांनी पाहिले होते. कुणीतरी हिशोबाला टिपले असतील असं त्यांना वाटलं होतं. पंधरा दिवस त्यांच्या छातीवर चोरीचं ओझं होतं, पण आपण या पोरीचं वर्ष घेतलं हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"खोडलात का ते?" तुळजानं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

अण्णा उठले. फळीवरून कोऱ्या निळ्या कापडाचा एक जाडजूड खंड त्यांनी दोन्ही हातांनी उतरवून टेबलावर ठेवला आणि म्हणाले की छापल्या कागदावर रबर फिरवायचं नाही, हे त्यांना त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

तुळजानं पंधरा ऑगस्टचं पान काढलं. समासात तिचा १ हा आकडा होता. आणि पानाच्या मधोमध, बातम्यांवरून आडवी, एका गवताची तपकिरी सावली उमटलेली होती. मूळ, पेर, वाकलेलं पातं, तुरा. पावसाळ्यातलं ओलं गवत दाबताना त्याचा रस कागदात उतरला होता. तिनं पुढची पानं उलटली. दोन. तीन. चार. प्रत्येक आकड्याशेजारी एक सावली.

६

शुक्रवार ते रविवार, तीन दिवस ग्रंथालयातलं लांब टेबल त्यांनी अडवलं. मुख्य ग्रंथपालांना अण्णांनी स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. तुळजा सोबत गेली होती, पण तिला बोलावं लागलं नाही. साहेबांनी खंड मागवून पाहिला, त्यातली गवतांची चित्रं पाहिली, आणि चौकशीच्या कागदावर अंक मिळाले एवढंच लिहून सही केली. अण्णांना मात्र त्यांनी बसवून चहा पाजला आणि घाबरून लपवाछपवी करायच्या वयाचे तुम्ही नाही, असं सुनावलं.

संकर्षण पानं वाचायचा आणि आकडे पुकारायचा. मध्येच एखादी बातमी त्याच्या कामाची निघाली की तो ती उतरवून घ्यायचा, आणि सगळे त्याच्यावर ओरडायचे. विभा वही धरून बसली होती. हॉस्टेलच्या आणखी तिघीचौघी आल्या. कल्लप्पा खाली-वर करत चहा आणत होता. अण्णा सुकं गवत दोन बोटांच्या चिमटीत उचलून सावलीवर धरायचे, जरा फिरवायचे, आणि पातं पात्यावर, पेर पेरावर बसलं की हुंकार द्यायचे. एकाच जातीची दोन गवतं सारखी दिसत, पण दोन्हींचं वाकणं कधी सारखं नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत चाळीस गवतांना त्यांची गावं परत मिळाली.

उरली दोन. दोन्ही पवन्याच. त्यांच्या पानांवर पाणी सांडलेलं होतं आणि सावल्या फिसकटल्या होत्या. एक कमलनगरकडचं, एक औरादच्या माळावरचं, पण कुठलं कुठलं?

संकर्षण म्हणाला की दोन गेली तर चालतील. तुळजा ऐकेना. तिनं दोन्ही रोपं खिडकीपाशी नेली आणि मुळांच्या जाळीत सुईचं टोक घातलं. एकातून कोळशासारखी काळी माती पडली. दुसऱ्यातून विटेसारखी लाल. तिनं वही मागितली. कमलनगरच्या नोंदीपुढं काळं रान असं लिहिलं होतं, औरादच्या पुढं लाल मुरूम. विभानं आपणहून पेन्सिल पुढं केली.

त्याच संध्याकाळी तुळजानं बेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि दोऱ्यानं देठांना बांधल्या. गाठी अण्णांनी मारल्या. त्यांची गाठ बारीक बसायची.

सोमवारी समितीतल्या एका बाईंनी, धारवाडहून आलेल्या जाणत्या होत्या त्या, गठ्ठा उलगडून बराच वेळ पाहिला आणि इतके नीट सुकवलेले नमुने त्यांनी पुष्कळ दिवसांत पाहिले नसल्याचं सांगितलं. तुळजानं काहीही न लपवता चुकीसकट सगळी हकीकत त्यांना ऐकवली. त्यांनी दोनदा हसून चष्मा काढला. मग त्या मेंढरांकडं वळल्या, आणि तासभर फक्त मायाप्पानं सांगितलेल्या गोष्टींवर प्रश्न विचारत राहिल्या. समितीनं काम मान्य केलं.

मार्चअखेर अण्णा निवृत्त झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नरहरराव सरांनी त्यांना निरोप धाडला. विभागात शेकडो जुने नमुने जाड कागदावर शिवून लावायचे पडून होते, आणि असं शिवणारा माणूस मिळत नव्हता. घरी बसून नातवाला रागावण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून अण्णा आठवड्यातून तीन सकाळी यायला लागले.

तुळजा प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत शेजारच्या टेबलावर बसायची. खिडकीतून ऊन यायचं. अण्णा सुईत दोरा ओवून एखादं गवत कागदावर धरायचे आणि विचारायचे की याला तुझ्या वाडीत काय म्हणतात. ती सांगायची. ते आपल्या आळंदकडचं कानडी नाव सांगायचे. तुळजानं मग चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहायला सुरुवात केली. आणि प्रबंधाला त्या नावांचं एक जोडपत्र वाढलं, जे ठरवलेल्या आराखड्यात कुठंच नव्हतं.